पहिल्याच दिवशी भांडलो, मॅडम!

दिवाळीची सुट्टी संपली किंवा मे महिना सरला, की रत्नागिरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. "एवढे पैसे घालून गेलो आणि पहिल्याच दिवशी भांडलो." कुणी केरळला गेलेलं असतं, कुणी दुबईला. खरा प्रश्न त्यामागून येतो, जरा खालच्या आवाजात: "आमचं मुळात पटतच नाही का हो, मॅडम?" स्वतः गाडी चालवत परदेश फिरायची हौस आपल्याकडे आली, तेव्हापासून हे जास्तच ऐकते आहे. म्हणून एका जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांना विचारून, आणि ओळखू येणार नाहीत इतपत बदल करून.

ते आंबा बागायतदार. बाई हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवतात. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलीने नोव्हेंबरात न्यूझीलंडची सहल आखून दिली. क्राइस्टचर्चला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि त्याच दिवशी सव्वादोनशे किलोमीटरवरचं टेकापो सरोवर गाठायचं. "तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात," बागायतदार मला म्हणाले, "आणि मी अणुस्कुरा घाट भर पावसात रात्री उतरलेला माणूस."

वाटेत जेराल्डीन नावाचं गाव लागतं. तिथे गाडी थांबली असताना बाईंनी विचारलं, "विमा पूर्ण घेतलात ना?" एवढंच. हे असे ओरडले, की फुटपाथवरची आजी वळून बघायला लागली. "तुला एवढं कळतं तर तू चालव!" तिथून टेकापोपर्यंत गाडीत अवाक्षर नाही. हिमनद्यांनी दगड दळून केलेली पिठासारखी भुकटी पाण्यात तरंगते म्हणून ते सरोवर तसं निळं दिसतं, तिथलं आकाश 2012 पासून, दिव्यांचा उजेड आवरून, ताऱ्यांसाठी राखून ठेवलं आहे, हे सगळं बाईंनी वाचून ठेवलं होतं. कुणाला सांगणार? दोघं पाठीला पाठ लावून झोपले. पुढचे नऊ दिवस बरे गेले म्हणे, पण घरी परतल्यावर आठवण उरली ती त्या एकाच दिवसाची.

पहिल्या दोन भेटी वकिलीत गेल्या. ते त्यांची बाजू मांडणार, त्या त्यांची, आणि मी न्यायाधीश व्हावं अशी दोघांची अपेक्षा. तिसऱ्या भेटीत मी बाईंपुढे कोरा कागद ठेवला. मध्ये उभी रेघ. एका बाजूला तिथलं घड्याळ, दुसऱ्या बाजूला रत्नागिरीचं. नोव्हेंबरात न्यूझीलंड आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं.

बाई शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात लिहीत गेल्या. विमान उतरलं साडेदहाला. आपल्याकडे पहाटेचे तीन. बॅगेत मेतकूट आणि कुळथाचं पीठ. खाण्याचं जे काही असेल ते तिथे आधी सांगावं लागतं, लपवलं तर 400 डॉलर दंड. बाईंनी प्रामाणिकपणे सगळं लिहिलेलं, म्हणून वेगळी रांग, पाऊण तास. गाडी ताब्यात आली बारा वाजता. इथे पहाटेचे साडेचार, कार्तिकातल्या काकड आरतीची वेळ. जेराल्डीन दोन वाजता, इथे साडेसहा. मी म्हटलं, आता मागच्या रात्री लिहा. एक कोकणकन्येत, दुसरी सिंगापूरच्या विमानात, तिसरी तिथून पुढच्या. तीन रात्री गादीला पाठ नाही.

"म्हणजे तो आमचा पहिला दिवस नव्हताच," बागायतदार म्हणाले.

इथे थांबलं असतं तरी निम्मं काम झालं होतं. पण त्यांचं बोट कागदावर बारा वाजल्याच्या ओळीपाशी घुटमळत होतं. "इथे काय झालं?" मी विचारलं. ते बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले.

"त्या काउंटरवरच्या पोरीचं इंग्रजी मला कळलं नाही, मॅडम. विम्याचं बोलत होती. मी दोनदा येस म्हटलं आणि सही केली. मग मोबाइलवर मेसेज आला, कार्डावर अनामत म्हणून काही हजार डॉलर अडकवलेत असा. त्यानंतर समोरून ट्रक आला की मला ट्रक दिसत नव्हता, आंब्याच्या पेट्या दिसत होत्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मला कळलं होतं ती काय सांगतेय ते. पण चार माणसांत मी मध्ये बोलले असते तर तुम्हाला कमीपणा आला असता. म्हणून गाडीत विचारलं."

अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं. ते मला आता जमतं, सुरुवातीची काही वर्षं जमत नव्हतं. बाहेर रिक्षा गेली, पंखा फिरत राहिला. दोघांनी एकमेकांना जपलं होतं, आणि त्या जपण्यातूनच भांडण उभं राहिलं होतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची मी विद्यार्थिनी. त्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं, की घटनेपेक्षा आपला तिच्याबद्दलचा हट्ट आपल्याला जास्त छळतो. आपल्या भाषेत तो हट्ट एका अक्षरात मावतो: 'च'. नवऱ्याला सगळं समजायलाच हवं. एवढा खर्च केलाय, तर मजा आलीच पाहिजे. मी बागायतदारांना म्हटलं, ही दोन वाक्यं 'च' काढून म्हणा. त्यांनी म्हटली. "चव गेली की हो वाक्याची," असं म्हणून हसले. तेच तर हवं होतं.

तुम्ही असे निघणार असाल तर उतराल त्या गावात पहिली रात्र काढा. गाडी दुसऱ्या दिवशी घ्या. मुलं आखून देतात ते वेळापत्रक पंचविशीतल्या शरीराचं असतं, आणि त्यात तुमचा रत्नागिरी-मुंबई प्रवास धरलेला नसतो. कागदावर सही करण्याआधी दोघांनी मिळून वाचा, मागचे लोक थांबतील. नकाशा ज्याच्या हातात आहे त्याने फक्त पुढचं वळण सांगावं. गाडी कशी चालवावी ते नाही. भीती वाटली तर "हळू चालवा" म्हणू नका, "मला भीती वाटतेय" म्हणा. पहिलं वाक्य हुकूम होऊन कानावर पडतं, आणि दमलेल्या माणसाला हुकूम सोसत नाही. एवढं करूनही भांडण झालं तर होऊ दे. पहिल्या दिवसावरून संसाराचा निकाल लावायची घाई मात्र करू नका. आमच्याकडे ज्या जोडप्यांची खरी काळजी वाटते, ती बहुधा भांडत नसतात. त्यांनी विचारणंच सोडलेलं असतं.

शेवटच्या भेटीत मी बोलण्याच्या ओघात कुठलासा इंग्रजी शब्द वापरून गेले. बागायतदारांनी हात वर केला आणि माझ्याकडे न बघता थेट बाईंकडे वळले.

"काय म्हणाल्या गं त्या? मला नाही कळलं."