तुम्ही विचारलंय, खानदेशातल्या तुमच्या गावच्या जुन्या चर्चच्या कौलावर १८६८ असं साल आहे. म्हणजे चर्च तेव्हाचं का?

नाही. कौलावरचं साल कारखान्याचं असतं, इमारतीचं नसतं. मंगलोरला अल्बुकर्क यांचा कौलांचा कारखाना १८६८ साली निघाला आणि पुढे कित्येक वर्षं प्रत्येक कौलावर तेच साल उठत राहिलं. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या कारखान्याच्या कौलावर १८६५ दिसतं, तेही तसंच. मिठाईच्या दुकानावर 'स्थापना' लिहिलेली असते म्हणून आजचा पेढा तेव्हाचा होत नाही.

चर्च पोर्तुगीजांनी बांधलं का, असंही तुम्ही विचारलंय. पोर्तुगीजांचा खानदेशावर कधी अंमलच नव्हता. १७३९ ला चिमाजी अप्पांनी त्यांच्याकडून वसई घेतली, आणि आपल्याकडे रेल्वे आली ती १८६० च्या दशकात. तुमचं गाव रेल्वेचं आहे म्हणताय, तर तिथली कॅथलिक वस्ती ड्रायव्हर, गार्ड, फिटर यांची असणार: गोव्याचे, तामिळ, अँग्लो-इंडियन. चर्च त्यांच्यासाठी उभं राहिलं असणार. पोर्तुगीज आडनाव म्हणजे पोर्तुगीज माणूस नव्हे.

आता हा विषय मला इतका का झोंबतो ते सांगतो. आमचे अण्णा गवंडी होते, कौलारू कामात हात बसलेला. वीसेक वर्षांपूर्वी एका गावातल्या चर्चचं छप्पर उतरवायचं काम त्यांना मिळालं. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं हयात आहेत. मी कॉलेजच्या सुट्टीत हाताखाली होतो. खाली शिडीपाशी कौलं झेलायची आणि भिंतीला उभी लावून ठेवायची, एवढंच माझं काम. एकेक कौल अडीच किलोच्या आसपास, दुपारपर्यंत खांदे भरून यायचे. तिसऱ्या दिवशी समितीतले एक निवृत्त रेल्वेवाले काका आले, एक कौल उलटं केलं, साल वाचलं आणि तिथेच जाहीर केलं की चर्च १८६८ चं. महोत्सव तोंडावर आलेला. संगमरवरी पाटीची ऑर्डर त्याच संध्याकाळी गेली.

अण्णा वरून म्हणाले, "साहेब, आमच्या घरावर बी हेच कौल आहे. घर बापाने बावन साली बांधलं."

काका म्हणाले, "तुम्हाला कौलं काढायला बोलावलंय, इतिहास सांगायला नाही."

अण्णा काही बोलले नाहीत. नंतर मला वर बोलावून घेतलं. त्याच ओळीत, त्याच रिपेवर, १८६८ च्या शेजारी कॉमनवेल्थ छापाचं कौल बसलेलं होतं, दोन्हींवर सारखीच काजळी. बासेल मिशनचे कारखाने जर्मन-स्विस म्हणून पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी ताब्यात घेतले, ते पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे ते कौल महायुद्धाआधीचं असूच शकत नाही. ही माहिती मला खूप नंतर कळली. अण्णांना ती नव्हती, त्यांना फक्त दोन कारखान्यांची कौलं एकत्र चढलेली दिसत होती.

मग त्यांनी मनोऱ्याची भिंत दाखवली. छपराच्या हातभर खाली चुन्याची एक तिरकी रेघ, आणि तिच्याखाली विटांनी बुजवलेली वाशांची भोकं. आधीचं छप्पर बुटकं होतं, कधीतरी ते काढून भिंत वाढवलेली. "भो, कौल अन् भिंत एका सालची कधी राह्यते का?" असं अण्णा म्हणाले होते. गिलावा झाला आणि ती रेघ गेली. मी फोटो काढला नाही, कॅमेराच नव्हता.

त्यामुळे तुम्हीही मनोऱ्याला छप्पर जिथे टेकतं तिथे बघा. लोखंडी गर्डर असेल तर त्यावरचं नाव वाचा. टाटांचं पोलाद १९१२ पासूनचं, डॉर्मन लाँग ही इंग्रज पोलाद कंपनी असेल तर १८७५ च्या आधीचं नाही. वेदीवरून काही ठरवू नका. १९६० च्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर फादर लोकांकडे तोंड करून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणायला लागले, तेव्हा बहुतेक ठिकाणी वेदी पुढे सरकली. कागदांसाठी फादरांना भेटा, बाप्तिस्म्याचं सगळ्यात जुनं रजिस्टर मागा. नोंदी लॅटिनमध्ये निघाल्या तर घाबरू नका, साल तर वाचता येतं. नाशिक धर्मप्रांत, म्हणजे तिथल्या बिशपच्या हाताखालचा मुलूख, १९८७ चा आहे, त्याआधी आपण पुण्याकडे होतो, तेव्हा पुण्यालाही विचारा. पण रजिस्टर सुरू झालं म्हणजे इमारत झाली असं नाही. बंगल्याच्या व्हरांड्यातही बाप्तिस्मे होतात.

हे सगळं करूनही तुमचं चर्च १८६८ चंच निघू शकतं, हे मान्य. १८६७ ला नागपूरपर्यंत गाडी गेलेली, वेळ जुळते. मी ख्रिस्ती नाही आणि इतिहासाचा अभ्यासकही नाही. पण ते कौलावरून ठरणार नाही एवढं नक्की.

आणि पाटी लावायचीच असेल तर तूर्त पत्र्यावर रंगाने लिहा. आमच्याकडची संगमरवरी आहे, चार स्क्रूंनी भिंतीत बसवलेली, आणि तिच्यावर देणगीदारांची नावंही कोरली आहेत. आता ती कोण काढणार?