अंड्याच्या खऱ्या टरफलावर नक्षी करताना ते फुटू नये आणि पुढे वर्षानुवर्षे टिकावे यासाठी काय करावे?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: नक्षीसाठी अंडे उकडून घ्यावे की कच्चेच रिकामे करावे, आणि काम चालू असताना टरफल फुटू नये म्हणून काय काळजी घ्यावी. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. वस्तू जपून ठेवायची असेल तर कच्चे अंडे छिद्र पाडून रिकामे करावे. उकडलेले अंडे चार दिवसांच्या हौसेपुरते ठीक. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र रंगकामात नसून त्याआधीच्या तयारीत आहे. मी बरीच वर्षे हा छंद जोपासतो आहे आणि टरफले बिघडतात ती बहुधा ब्रश हातात घेण्यापूर्वीच, असे माझे ठाम मत झाले आहे.

कोंबडीच्या अंड्याचे टरफल साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाड असते आणि त्यात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते. त्यावर डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात आणि बाहेरून प्रथिनांचा अतिशय पातळ थर असतो. गोलाईमुळे सगळीकडून सारखा पडणारा दाब हे टरफल चांगला सोसते, पण नखाच्या टोकाएवढ्या जागी जोर पडला की तडकते. म्हणून अंडे चिमटीत न धरता तळहातावर मऊ कापड घेऊन त्यात ठेवावे. बोटांचा तेलकटपणा लागलेल्या जागी रंग नीट धरत नाही, त्यामुळे हात साबणाने धुऊनच काम सुरू करावे. निवडतानाही अंडे दिव्यासमोर धरून फिरवून पाहावे. केसासारखी बारीक तडा गेलेली असली तर ती प्रकाशात लगेच दिसते, आणि असे अंडे स्वयंपाकघरात परत पाठवलेले बरे.

रिकामे करताना दोन्ही टोकांना छिद्र पाडावे लागते. रुंद टोकाला आत हवेची पोकळी असते, म्हणून मोठे छिद्र तिकडे पाडावे. ज्या जागी छिद्र पाडायचे तिथे चिकटपट्टीचा लहान तुकडा लावावा आणि दाभण न दाबता, दोन बोटांत धरून हलक्या हाताने गोल गोल फिरवत राहावे. आधी पांढरी भुकटी पडते, मग टोक एकदम आत गेल्याचे बोटांना जाणवते. छिद्रातून बारीक तार घालून बलक फोडून घ्यावा, मोठे छिद्र वाटीवर खाली धरावे आणि वरच्या छिद्रातून सुई काढलेल्या सिरिंजने थोडी थोडी हवा सोडावी. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात, त्यामुळे तोंडाने फुंकण्याची जुनी रीत सोडून द्यावी. आत पाणी भरून, हलवून, ते स्वच्छ येईपर्यंत काढत राहावे आणि मग छिद्र खाली करून टरफल पूर्ण वाळू द्यावे. ही शेवटची पायरी कंटाळवाणी असल्यामुळे अनेक जण ती उरकून टाकतात. पण आत ओल राहिली तर पुढे मेणाच्या नक्षीतले मेण वितळवून काढताना उष्णतेने आतली हवा प्रसरण पावते, छिद्रातून गढूळ थेंब बाहेर येतो आणि तयार नक्षीवर ओघळतो.

साध्या चित्रासाठी ॲक्रिलिक रंग सर्वांत सोयीचे आहेत. पेन्सिलीची रेघ अगदी फिकट ठेवावी आणि चुकली तरी खोडरबर वापरू नये, कारण त्याने पृष्ठभागावर डाग पडतो आणि तिथे रंग वेगळा दिसतो.

मला स्वतःला मेणाची पद्धत अधिक आवडते. युक्रेनमध्ये तिला पिसांका म्हणतात आणि २०२४ मध्ये युक्रेन व एस्टोनिया यांच्या नावे या परंपरेची नोंद युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. दांडीला बसवलेल्या बारीक नळीतून मधमाश्यांचे वितळलेले मेण टरफलावर रेषेसारखे सोडतात. पांढऱ्या राहायच्या रेषा आधी मेणाने झाकायच्या, अंडे पिवळ्या रंगात बुडवायचे, मग पिवळ्या राहायच्या जागा झाकून नारिंगी, लाल आणि शेवटी काळा, असे फिकट रंगाकडून गडद रंगाकडे जायचे. रंगात थोडे व्हिनेगर घातल्याने तो चांगला धरतो, पण टरफल त्यात विसरून राहिले तर तेच आम्ल त्याला खाऊन टाकते. रिकामे टरफल रंगावर तरंगते, म्हणून छिद्रे मेणाने बंद करून ते चमच्याने दाबून धरावे लागते. शेवटी अंडे मेणबत्तीच्या ज्योतीवर नव्हे, तर ज्योतीच्या बाजूला धरायचे. वर धरले की काजळी बसते. काळपट मेण अचानक चकाकू लागले की मऊ कागदाने पुसायचे, आणि त्याखालून सगळे रंग एकदम उघडे पडतात. हा क्षण मला इतक्या वर्षांनंतरही शिळा वाटत नाही.

तपकिरी अंडी मिळत असतील तर रंगही लागत नाही. त्यांचा रंग मुख्यतः बाहेरच्या थरात असतो, त्यामुळे धारदार टोकाने हलके खरवडले की खालचा पांढरा भाग दिसतो. जाळीदार कोरीवकाम मात्र कोंबडीच्या अंड्यावर सुरू करू नये. त्यासाठी हंसाचे जाड टरफल, वेगाने फिरणारे विद्युत हत्यार आणि नाकातोंडावर मास्क हवा, कारण ती बारीक धूळ श्वासात जाणे चांगले नाही. अंडी पाळीव पक्ष्यांचीच घ्यावीत. रानपक्ष्यांची अंडी उचलणे अनेक देशांत गुन्हा आहे.

काम पूर्ण झाल्यावर वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा द्यावा. पाण्यात विरघळणारे रंग वापरले असतील तर पाण्यावर आधारित वॉर्निश टाळावे, नाहीतर रंग पसरतात. वस्तू थेट उन्हात ठेवू नये.

एवढे करूनही काही टरफले फुटणारच, पण ती टाकू नका. व्हिएतनामच्या लाखकामात (तिथली लाख म्हणजे झाडाचा चीक) पांढऱ्या रंगासाठी टरफलांचे तुकडेच बसवतात, कारण नैसर्गिक लाखेत शुभ्र पांढरा रंग साधत नाही. घरी लाकडी डबीवर गोंद लावून, आतला पापुद्रा काढलेला तुकडा ठेवून बोटाने दाबला की तो जागच्या जागी बारीक तडकतो. वाळल्यावर वर वॉर्निश द्यावे आणि बारीक पॉलिश पेपरने सपाट करावे.