पोरगं माजलंय की उतलंय?

प्रश्न असा आलाय. भाचा ब्रिस्बेनला असतो, त्याच्या नादाने मामाही रग्बी लीग बघायला लागले, आणि ब्रिस्बेनच्या ब्रॉन्कोज टीममधल्या रीस वॉल्शला बघून पटकन बोलून गेले की "हे पोरगं जाम माजलंय". भाचा भडकला. म्हणे ॲरोगंट नाहीये तो, कॉन्फिडंट आहे. आता मामा विचारतायत की माज म्हणजेच ॲरोगन्स ना, आणि नसेल तर गुर्मी, मगरूरी, तोरा, ऐट यातलं नेमकं काय लागू पडतं?

मला विचाराल तर भाच्याचं खरंय, फक्त ऐन वेळी त्याला मराठी शब्द सापडला नाही.

आधी माज घेऊ कारण तोच सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जातो. हा मुळात गोठ्यातला शब्द. म्हैस माजावर येते, बसून खाणारा रेडा माजतो, पावसात बांधावर तण माजतं. संस्कृत माद्यति, प्राकृत मज्जइ, मराठी माजणं, सगळ्यांच्या मुळाशी मद. आमच्या गावी आजोबा रेड्याला कडबा टाकताना "काम नाय धाम नाय, माजलाय नुसता" म्हणायचे, त्यात काम नाही हा भाग महत्त्वाचा. आयतं मिळालेलं अंगावर चढलं की माज. म्हणूनच आपण लगेच विचारतो, "कशाचा एवढा माज आलाय?" पैशाचा, खुर्चीचा, बापाच्या ओळखीचा. नुसता माज नसतो, तो कशाचा तरी असावा लागतो.

मग वॉल्शला कशाचा? २००२ चा जन्म, २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या वॉरियर्स टीमकडून पहिली मॅच, २०२३ ला परत ब्रिस्बेनला, आणि त्याच वर्षी लीगच्या फायनलमध्ये ब्रिस्बेन २४-८ ने पुढे असताना पेनरिथच्या टीमने २६-२४ ने हरवलं. एवढी तोंडाशी आलेली ट्रॉफी गेल्यावर आयतं काय राहिलं?

बाकीचे शब्द पटापट बघू. मगरूर अरबीतून आलाय आणि तिकडे त्याचा मूळ अर्थ फसलेला, भुललेला असा आहे, म्हणजे स्वतःबद्दलच्याच भ्रमात असलेला माणूस. टेंभा म्हणजे मशाल, ती हातात धरून मिरवायची, उजेड असो नसो. तोऱ्याचंही तसंच, मिरवण्याशीच काम. शेफारणं तर बिचाऱ्या पोराचा दोषच नाही, लाड करणाऱ्यांचा आहे. गुर्मी बोलण्यात आणि नजरेत असते, आणि उर्मटपणाला समोर दुसरा माणूस लागतोच, एकट्याने उर्मट होता येत नाही.

आणि ज्याच्यावरून सगळं सुरू झालं तो इंग्रजी ॲरोगन्स! त्याचं लॅटिन मूळ बघाल तर अर्थ निघतो स्वतःसाठी हक्क सांगणं, म्हणजे आपलं नाही ते आपलं म्हणणं. हे लक्षात ठेवा, खाली लागेल.

आता पोरगा करतो काय ते बघा. रग्बी लीगमध्ये तेरा-तेरा जण, चेंडू हातात आला की सहा टॅकलमध्ये (टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं) काय करायचं ते करा नाहीतर चेंडू समोरच्याला. एक नंबरच्या जर्सीवाला फुलबॅक सगळ्यात मागे उभा असतो, तिथून जीव खाऊन पळत येऊन लाइनमध्ये घुसतो. वॉल्श हे करताना नखं रंगवलेली, केस सेट, आणि पास असा फेकतो की लागला तर थेट ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे पॉइंट), नाही लागला तर विरोधी टीमच्या हातात आयता लाडू. चुका भरपूर करतो, आणि पुढच्याच मिनिटाला तोच पास परत फेकतो. लोकांना खुपतं ते हे. चुकल्यावर मान खाली घालायची असते ना! कबड्डीत एकदा पकड झालेल्या रेडरने पुढच्या चढाईला परत मांडी थोपटली की आपल्याकडेही कोणीतरी बोलतंच.

ऑस्ट्रेलियनांकडे यासाठी शब्दांची कमी नाही. बढाई मारली की स्काइट, भडक नटून भाव खाणारा तो मग लेअर (हा मग आपला "मग काय झालं" वाला मग नव्हे), आणि शेतात एखादं खसखशीचं फूल बाकीच्यांपेक्षा उंच वाढलं की ते छाटायचं, म्हणून टॉल पॉपी. त्यात लीग हा कामगारांचा खेळ, १८९५ मध्ये इंग्लंडच्या हडर्सफील्डमध्ये बुडालेल्या मजुरीच्या भरपाईवरून मूळ रग्बीपासून वेगळा झालेला, तिथे नटवेपणाला आधीच संशयाने बघतात. मामा नकळत त्यांच्याच सुरात बोलले म्हणायचं.

आता माझं म्हणणं. आपल्या व्रतांच्या कहाण्यांत एक वाक्य येतं, आज्जीने दहा वेळा ऐकवलेलं असतं: उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको. त्यात उतणं आणि मातणं वेगळं सांगितलंय ते उगाच नाही. मातणं मत्तवरून, म्हणजे माजण्याचं सख्खं भावंड. पण उतणं दुधाचं असतं. गॅसवर ठेवलेलं दूध तुम्ही फोनवर बोलत असताना फस्सकन वर येतं, शेगडीभर होतं, आणि आच कमी केली की मुकाट्याने पातेल्यात बसतं. दूध नासलेलं नसतं, आच जास्त झालेली असते.

वॉल्श उतलाय, हे मी मान्य करतो. जुलै २०२३ मध्ये रेफ्रीच्या समोर शिवी दिली, मी आमच्याच प्लेअरला बोललो म्हणाला, लीगच्या शिस्त बघणाऱ्या ट्रायब्युनलने ते काही ऐकलं नाही आणि तीन मॅचचा बॅन ठोकला, त्यात स्टेट ऑफ ओरिजिनची, म्हणजे क्वीन्सलंड विरुद्ध न्यू साउथ वेल्स या तीन मॅचच्या मालिकेतली, तिसरी मॅचही गेली. हे उर्मट होतं, विशीतल्या पोराचं उर्मट, त्याला त्याच नावाने बोला ना. पण म्हणून सगळा माणूसच माजलेला कसा?

आणि वसा टाकला का? २०२५ ची फायनल बघा, ५ ऑक्टोबर, हाफटाइमला समोरची मेलबर्नची टीम २२-१२ ने पुढे. शेवटी ब्रिस्बेन २६-२२, म्हणजे २००६ नंतरची पहिली ट्रॉफी. त्याने स्वतः ट्राय मारला, बाकीच्यांना उघडून दिले, शिवाय मागे धावून टॅकलही केले, आणि फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल मेडल त्यालाच. नटव्यांना टॅकल करायचा कंटाळा असतो हो. आता तो लॅटिन अर्थ लावा, यातलं त्याचं नसलेलं त्याने काय घेतलं?

म्हणून मामा, माझं मत ऐट या शब्दाला. ऐट एकट्याने आरशासमोरही करता येते, दुसऱ्याला कमी लेखायची गरज पडत नाही. फेटा ऐटीत बांधतात, घोडा ऐटीत चालतो, आणि त्यांचा कोणी माज उतरवायला जात नाही. आत्मविश्वास चालला असता पण तो शब्द ऐकला की मला इंटरव्ह्यूची तयारी आठवते, नखं रंगवून ऐंशी मिनिटं मार खाणाऱ्या पोराला तो फिका पडतो.

भाच्याला फोन केलात की "ऐटबाज आहे हां तुमचा एक नंबर" असं म्हणून बघा. आणि पुढच्या वेळी त्याने पास थेट समोरच्याच्या हातात दिला की "उतला परत" म्हणायला तुम्ही मोकळे.