बाबांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, पण एचएस-सीआरपी ६.८ आलंय. हृदयाला धोका आहे का?

असू शकतो, पण एका रिपोर्टवरून घाबरू नका. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन आहे (एचएस-सीआरपी ही ते मोजणारी जास्त संवेदनशील तपासणी), आणि ते शरीरात कुठेही सूज किंवा संसर्ग असला की वाढतं. कापूस वेचताना पायात काटा मोडून पिकलाय, खर्‍यानं हिरड्या सुजल्यात, नुकताच ताप येऊन गेलाय, असं काही असेल तर ते आधी बरं होऊ द्या. मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. (खर्रा तसाही सोडायलाच लावा.)

तब्येत ठणठणीत असताना लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली म्हणजे धोका कमी, ३ च्या वर म्हणजे जास्त. १० च्या वर गेलं तर बहुधा संसर्गच.

कोलेस्टेरॉल आणि सीआरपी दोन्ही का बघायचं? एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, रक्तवाहिनीच्या भिंतीत साचतं, आणि तिथली सूज तो थर फुटायला कारण ठरते. २००८ च्या ज्युपिटर अभ्यासात एलडीएल १३० च्या खाली पण सीआरपी २ किंवा जास्त असलेल्यांना रोसुवास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध दिलं, तेव्हा हार्ट अटॅक आणि पक्षाघात बरेच कमी झाले. पण म्हणून मेडिकलवाल्याला विचारून गोळी सुरू करू नका. वय, बीपी, शुगर पाहून ते डॉक्टरांनीच ठरवायचं.