गेइबी लाइन: दिवसाला ११ प्रवासी, मग बस का नाही?

तुम्ही विचारलंय की जपानच्या गेइबी या डोंगरातल्या रेल्वे लाइनवर तोजो ते बिंगो-ओचिआई या पट्ट्यात दिवसाला ११च प्रवासी आहेत, तर सरळ बंद करून बस का नाही लावत. आधी ते ११ म्हणजे काय ते बघा, तो चढणाऱ्यांचा आकडा नाही, २५.८ किमीच्या पट्ट्यात दर किलोमीटरमागे दिवसाला सरासरी किती माणसं गेली तो आहे, २०१९ चा. १९८७ मध्ये, म्हणजे सरकारी रेल्वे मोडून जेआर कंपन्या झाल्या त्या वर्षी, तो ४७६ होता. शेजारून एक्सप्रेसवे गेला, पोरं शहरात गेली, हे खरंच आहे, पण उरलेल्यांना तरी गाडी कुठे सोयीची ठेवली? या पट्ट्यात दिवसाला जाऊन-येऊन तीन-तीन गाड्या. दवाखान्यात जाऊन परत यायचं तर अख्खा दिवस मोडतो.

मी या लाइनच्या पूर्व टोकाकडच्या निइमी स्टेशनाहून गेलोय. एकच डबा, कंडक्टर नाही, चढताना मशीनमधून नंबरची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना ड्रायव्हरशेजारच्या पेटीत चिठ्ठी नि सुटे पैसे टाकायचे. मध्येच गाडी एकदम हळू होते, दगड पडायची भीती आहे तिथे ताशी २५ची मर्यादा, फांद्या काचेला घासत जातात. अडीचच्या सुमारास बिंगो-ओचिआईला तीन बाजूंच्या तीन गाड्या जमतात, थोडा वेळ गजबज आणि मग सामसूम. किसुकी ही दुसरी रेल्वे लाइन इथेच येऊन मिळते, त्यामुळे हा तुकडा काढला की तिचीही निइमीकडची जोडणी तुटते, हे कोणी बोलत नाही.

लाइन चालवणाऱ्या जेआर वेस्ट कंपनीची बाजूही खोटी नाही, २०१७-१९ च्या सरासरीने या पट्ट्यात १०० येन कमवायला २५ हजार येनच्या वर खर्च होता, हे कोणी किती वर्षं सोसणार? २०२३ च्या सुधारित कायद्याखाली, तोट्यातल्या लाइनींचं काय करायचं ते ठरवणारी देशातली पहिली चर्चा-समिती याच लाइनसाठी मार्च २०२४ मध्ये बसली. पण माझ्या मते बस की ट्रेन हा नंतरचा प्रश्न, पैसे कोण घालणार हा पहिला. तादामी ही दुसरी एक रेल्वे लाइन २०११ च्या पुरात तुटली, तिथे फुकुशिमा प्रांताने तेवढ्या भागाचे रूळ स्वतःकडे घेतले, गाड्या जेआरच चालवते, आणि २०२२ मध्ये ती पूर्ण सुरू झाली. इथल्या प्रांतांनी आणि केंद्राने तशी तयारी दाखवावी असं मला मनापासून वाटतं, निदान गाड्यांच्या वेळा लोकांच्या सोयीच्या करून तरी बघा, मग आकडे मोजा.

बिंगो-ओचिआईला जायचं असेल तर निइमीहून दुपारी एकच्या सुमाराची गाडी धरा, ती चुकली तर पुढची थेट संध्याकाळी.