शंका-समाधान : एचआयव्ही टाळणारी गोळी आणि तळपायावरचा काळा डाग

प्रश्न : माझ्या पतीला एचआयव्हीची लागण असून त्यांचे औषधोपचार सुरू आहेत. मला लागण होऊ नये म्हणून मी रोज गोळी घ्यावी का? फॅमिली डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो.

उत्तर : आपला संकोच मी समजू शकतो, पण हा प्रश्न विचारण्याची योग्य जागा तीच आहे. आधी पतीचा ‘व्हायरल लोड’चा, म्हणजे रक्तातील विषाणूंच्या प्रमाणाचा, ताजा अहवाल पाहा. औषधांमुळे रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके कमी झाले असतील आणि ती स्थिती टिकून असेल, तर लैंगिक संबंधांतून त्यांच्याकडून आपल्याला लागण होत नाही. ही गोष्ट अनेक जोडप्यांना कोणी सांगतच नाही, याचे मला फार वाईट वाटते. उपचार नुकतेच सुरू झाले असतील किंवा गोळ्या चुकत असतील, तर मात्र ‘प्रेप’ म्हणजे टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन यांची एकत्रित गोळी आपल्यासाठी उपयोगी आहे. मोठा धोका असलेल्या सर्वांना प्रेप द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्येच केली आहे. गोळी सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी करावी लागते आणि पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी करावी लागते. लागण नकळत आधीच झालेली असेल, तर ही दोनच औषधे अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना दाद देईनासा होतो, म्हणून चाचणी टाळू नये. इतर गुप्तरोग या गोळीने टळत नाहीत, त्यासाठी निरोधच हवा. धोक्याचा प्रसंग घडून गेला असेल, तर 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, 28 दिवसांचा वेगळा औषधोपचार सुरू करावा लागतो.

प्रश्न : वडिलांच्या तळपायावरचा काळा डाग वर्षभरात पसरला आहे. तो जाळून घ्यावा का?

उत्तर : कृपया जाळून घेऊ नका. सावळ्या किंवा काळ्या त्वचेच्या व्यक्तींमध्ये मेलानोमा हा कर्करोग बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखालीच उद्भवतो, आणि डाग जाळला की तपासायला ऊतीच उरत नाही. डागाचे दोन भाग सारखे नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, रंग एकसारखा नसणे, आकार 6 मिलिमीटरहून मोठा असणे, ही लक्षणे आपल्या डॉक्टरांना दाखवाच. पण डाग बदलत असल्याचे आपण सांगता, तेवढे एकच कारण त्वचारोगतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जाण्यास पुरेसे आहे.