लोखंड कापायला पहिली करवत कोणती?

भाऊ, घरी स्टँड, जाळी असं बनवायचं म्हणतोस, तर लगेच १४ इंची चॉप सॉ (फिरत्या चकतीनं लोखंड कापायचं विजेचं यंत्र) आणू नको. आवाज अन् ठिणग्या एवढ्या, की शेजारी दुसऱ्याच दिवशी दारात येतील.

आधी चांगल्या कडक फ्रेमची १२ इंची हॅक्सॉ (लोखंड कापायची हातकरवत) घे. नागपुरात इतवारीच्या लोहा ओळीत फ्रेम हातात धरून, ब्लेड ताणून बघ. पिळली तर ठेवून दे. पैसे फ्रेमवरही वाचवू नको, ब्लेडवरही नको.

खरा खेळ दातांचा आहे. जाड पट्टीला इंचाला १८, नेहमीच्या कामाला २४, पातळ पाइप-पत्र्याला ३२ दात. कापताना निदान तीन दात धातूवर टेकलेले हवेत, नाहीतर दात अडकून तुटतात. पातळ पत्रा दोन लाकडी फळ्यांत दाबून काप.

नवखे हमखास चुकतात ते इथं:
- ब्लेड उलटं लावतात. दातांची टोकं पुढे, मुठीपासून लांब हवीत. जोर पुढे ढकलतानाच.
- घाई करतात. मिनिटाला ४०-५० फेऱ्या पुरे.
- व्हाइस (लोखंड घट्ट धरायचा शिकंजा) घेतच नाहीत. पायाखाली पाइप दाबून सरळ काप येत नाही बाप्पा! (मी वर्षभर हेच केलं.)

हात भरून आले की ४ इंची ग्राइंडर (चकती फिरवणारं हातातलं विजेचं यंत्र) घे. चकतीवरचा गार्ड काढायचा नाही, चष्मा लावायचाच, लाकूड कापायची चकती त्यावर कधीच नाही. अन् मे महिन्यात दुपारी टिनाच्या शेडखाली काम काढू नको, सकाळी आटप.

बँडसॉचं (पट्ट्यासारखं फिरणारं ब्लेड असलेल्या करवतीचं) नंतर बघू.